गाळा घ्यावा की खोल्यांची इमारत? महिन्याला पन्नास हजार नियमित हवेत (पुणे)

सहकारनगरकर | सोमवार, सकाळी ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. थोडा लांब होईल.

मार्चमध्ये साठ पूर्ण होऊन निवृत्त झालो. खासगी कारखान्यातली नोकरी, त्यामुळे पेन्शन नावापुरतीच. सहकारनगरमधला वडिलोपार्जित बंगला आम्ही भावंडांनी मागच्या महिन्यात विकला. माझ्या वाट्याला १ कोटी ७० लाख आले. राहतं घर वेगळं आहे, कर्ज नाही, मुलगी तिच्या संसारात सुखी आहे. मला आणि बायकोला महिन्याला पन्नास हजार नियमित मिळाले की बास.

दोन ठिकाणं बघून ठेवली आहेत.

१) कर्वेनगरमध्ये तळमजल्यावरचा गाळा, २४० चौरस फूट कार्पेट. मागणी १ कोटी ४० लाख. आत भाडेकरू आहे, महिना ६८ हजार देतो असं मालक सांगतात.

२) नऱ्ह्यात तीन मजली छोटी इमारत, वन आरके आणि वन बीएचके मिळून ८ खोल्या. मागणी १ कोटी ४५ लाख. प्रत्येकी सरासरी ९ हजार भाडं, म्हणजे ७२ हजार. आसपास कॉलेजं आहेत, मुलं कायम असतात म्हणे.

अमेरिकेतला भाचा दुसऱ्या प्रकाराला मल्टीफॅमिली म्हणतो आणि तेच घ्या म्हणून मागे लागलाय. तिकडे चार घरांपर्यंतच्या इमारतीला बँक साध्या गृहकर्जासारखं कर्ज देते, एका घरात स्वतः राहायचं आणि बाकीची भाड्याने द्यायची अशी पद्धत आहे. पाच किंवा जास्त घरं असली की ते कर्ज व्यावसायिक धरतात.

माझी अडचण वेगळीच आहे. आजीचा सदाशिव पेठेत वाडा होता, नऊ बिऱ्हाडं. पहिल्या तारखेला आजी वही घेऊन जिना चढायची, मी तिच्या मागे. एकेका बिऱ्हाडाचं भाडं अकरा-बारा रुपये. एका पावसाळ्यात कौलं शाकारायला जो खर्च आला, तो वर्षभराच्या भाड्यातूनही निघाला नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे. त्यामुळे राहायला माणूस ठेवायचा म्हटलं की आजही पोटात गोळा येतो. अनुभवी लोकांनी मोकळेपणाने सांगावं.

चंद्रकोर | सोमवार, सकाळी १०.०५

गाळाच घ्या, काका. दुकानदाराचा धंदा त्या जागेवर बसलेला असतो, गिऱ्हाईक तुटेल म्हणून तो सहसा हलत नाही. रंग, फरशी, दिवे सगळं तोच करतो. राहणाऱ्यांचं तसं नाही. नळ गळला, गीझर बिघडला, शेजारचा मोठ्याने गाणी लावतो, प्रत्येक फोन तुम्हालाच.

दिनू | सोमवार, सकाळी ११.२०

चंद्रकोर, अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं मी भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

२०१४ मध्ये कर्ज काढून गाळा घेतला. चांगला वाहता रस्ता, कापडाचं दुकान, वेळेवर भाडं. तीन वर्षं मीही सगळ्यांना गाळाच घ्या म्हणून सांगत होतो. मग रस्त्यावर मोठं काम निघालं. दुकानासमोर हिरवे-निळे पत्रे उभे राहिले. फूटपाथ गेला, गाडी लावायला जागा उरली नाही. भाडेकरूने आधी भाडं कमी करून मागितलं, मी दिलं. चार महिन्यांनी त्याने किल्ली आणून दिली. गाळा चौदा महिने रिकामा होता. शटरवर 'भाड्याने देणे आहे' असा फलक लावला होता. उन्हाने त्यावरचे माझ्या नंबरचे शेवटचे दोन आकडे पुसट झाले, आणि ते माझ्या लक्षात आलं तोवर किती दिवस गेले होते कोण जाणे. या चौदा महिन्यांत हप्ता, मेंटेनन्स आणि व्यावसायिक दराचा मिळकतकर चालूच होता.

त्यातून सावरून नवा भाडेकरू बसतोय तोच मार्च २०२० चा लॉकडाऊन आला. पुन्हा पाच महिने शून्य.

आता गेली काही वर्षं तिथे एका पॅथॉलॉजी लॅबचं नमुने घेण्याचं केंद्र आहे. पाच तारखेच्या आत भाडं जमा होतं, वर्षाला पाच टक्के वाढ, एकही फोन नाही. म्हणजे चंद्रकोर म्हणतात तसंच.

सांगायचं इतकंच, की गाळ्याला भाडं येतं तेव्हा पूर्ण येतं आणि थांबतं तेव्हा पूर्ण थांबतं. घर रिकामं झालं तर दीड-दोन महिन्यांत कोणीतरी येतंच, कारण राहायला सगळ्यांनाच लागतं. गाळ्याला मात्र त्या जागी धंदा चालेल असं वाटणारा माणूस सापडावा लागतो. वर्षभराचं भाडं बाजूला टाकायची ऐपत असेल तरच गाळा घ्या. काका, ६८ हजारांतून महिन्याचा किराणा भरायचा असेल तर नको.

नऱ्हेकर | सोमवार, दुपारी ३.१५

आमची नऱ्ह्यातच दहा खोल्यांची इमारत आहे. वडिलांनी बांधली, मी सांभाळतो. त्यामुळे दुसऱ्या पर्यायाबद्दल हक्काने बोलतो.

लोकांचा हिशेब सरळ असतो. आठ खोल्या, आठ भाडेकरू, एक गेला तरी सात आहेत. मीही हेच समजत होतो. आमच्या दहाच्या दहा खोल्यांत इंजिनिअरिंगची मुलं होती. लॉकडाऊन लागला, कॉलेज बंद झालं आणि दहाही खोल्यांतली पोरं आपापल्या गावी गेली. कपाटं, गाद्या, सायकली सगळं इथेच. एप्रिल २०२० मध्ये दहा खोल्यांचं मिळून भाडं आलं शून्य. पोरांना तरी काय म्हणणार, कोणाच्या वडिलांचा माल शेतात सडत होता, कोणाच्या घरात पगार थांबला होता. तेव्हा कळलं की माझे भाडेकरू दहा नव्हते. भाडेकरू एकच होता, कॉलेज.

त्यानंतर घडी बदलली. आता चार खोल्या मुलांना, तीन नोकरदारांना, तीन कुटुंबांना. कुटुंबवाले भाडं थोडं कमी देतात पण चार-चार वर्षं राहतात. मुलांच्या खोल्या मे महिन्यात रिकाम्या होतात आणि जुलैत भरतात, म्हणून त्यांचं भाडं मी दहाच महिन्यांचं धरतो.

आता खर्च. उन्हाळ्यात टँकर. जिन्यातले दिवे, पंप, टाकी धुणं. दर दोन वर्षांनी कुठला ना कुठला मजला रंगवणं. दिवसभर इमारतीत असणारं एक जोडपं ठेवलंय, त्यांना खोली फुकट आणि वर पगार. ८५ हजार येतात त्यातले ५५-५८ हातात राहतात, तेही मी स्वतः रोज फेरी मारतो म्हणून. काका, तुम्ही सहकारनगरहून रोज याल का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागद. नऱ्हे २०२१ मध्ये मनपात आलं. त्याआधीची बरीच बांधकामं गुंठ्या-गुंठ्याने जागा घेऊन झालेली आहेत. मंजूर नकाशा आहे का, भोगवटा पत्र (इमारत वापरायला परवानगी असल्याचा दाखला) आहे का, सातबाऱ्यावर नाव स्वतंत्र आहे की दहा जणांत सामाईक, हे बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. भाव कमी का आहे त्याचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.

मेघना_२१ | सोमवार, सायंकाळी ६.५०

मी वकील आहे, भाडेकरारांचीच कामं जास्त. काकांच्या पोटातल्या गोळ्याबद्दल लिहिते, कारण तो पुण्यातल्या अनेक घरांत आहे.

आजींच्या वाड्यातले लोक भाडेकरू होते, भाडे नियंत्रणाच्या कायद्याखाली. त्यांना संरक्षण होतं आणि भाडं गोठलेलं होतं. आज आपण घर देतो ते लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती वापराची परवानगी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ (३१ मार्च २००० पासून लागू) हा फरक स्पष्ट करतो. कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही माणूस घर सोडत नसेल तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि बेकायदा राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते.

फारसं कुणाला माहीत नसतं ते असं, की कलम २४ ची ही वाट फक्त राहण्यासाठी दिलेल्या जागेला आहे. गाळ्यातला माणूस अडून बसला तर दिवाणी मार्गानेच जावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. म्हणजे काका, तुमची भीती ज्या बाजूला आहे, कायद्याची मदत आज त्याच बाजूला जास्त आहे.

अट एकच. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. शिवाय शिक्षा आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, नोंदणी फी शहरात हजार रुपये, आणि हे सगळं ऑनलाइन होतं. एवढ्यासाठी कुणी नोटरीवर भागवू नका. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही द्या.

दिनू | सोमवार, रात्री ८.१०

मेघनाताई, धन्यवाद. कलम २४ गाळ्याला लागू नाही हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. काका, आणखी एक. ज्या गाळ्यात आधीच भाडेकरू आहे, तिथलं भाडं खरं आहे का ते तपासा. गाळा विकायच्या आधी ओळखीचा माणूस जास्त भाड्याने बसवायचा, त्या भाड्यावर किंमत लावायची आणि विक्री झाली की चार-सहा महिन्यांनी तो माणूस निघून जायचा, हे मी डोळ्यांनी बघितलंय. करार कधी नोंदवला, लॉक-इन (म्हणजे भाडेकरूला जागा सोडता येत नाही तो काळ) किती, वर्षभराचं भाडं बँकेत दिसतंय का, बघा. आणि शेजारच्या दोन गाळ्यांत जाऊन सरळ विचारा, तुम्ही किती देता?

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी ७.३०

काका, तुम्ही दोन्ही जागांचं भाडं काढलंत, पण बंगल्याच्या विक्रीवरचा कर यात कुठेच नाही. आधी तो बघू.

तुम्ही राहती मिळकत विकली आहे. त्यावरचा दीर्घ मुदतीचा भांडवली नफा दुसऱ्या राहत्या घरात गुंतवला तर करातून सूट मिळते. गाळ्यात गुंतवला तर मिळत नाही. समजा तुमच्या वाट्याचा नफा १ कोटी २० लाख निघाला. १२.५ टक्क्यांनी १५ लाख कर, वर अधिभार आणि उपकर. गाळा घेतलात तर ही रक्कम गेली. म्हणजे गाळा १ कोटी ४० लाखांचा नाही, तुम्हाला तो जवळजवळ अठरा लाखांनी महाग पडतोय, शिवाय दोन्हीकडे ७ टक्के मुद्रांक शुल्क आहेच.

नफा दोन कोटींपर्यंत असेल तर आयुष्यात एकदा एकाऐवजी दोन घरं घेऊनही ही सूट मिळते. विक्रीपासून दोन वर्षांत खरेदी हवी. विवरणपत्राच्या मुदतीआधी खरेदी झाली नाही तर पैसे बँकेच्या भांडवली नफा खात्यात ठेवावे लागतात. घेतलेलं घर तीन वर्षांच्या आत विकलं तर ही सूट जाते. आठ खोल्यांची इमारत 'एक घर' धरायची का, यावर पूर्वी बरेच वाद झाले आहेत, त्यामुळे तिथे कागद दाखवून सल्ला घ्या.

पुढचं थोडक्यात. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मिळकतकर आणि उरलेल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट गाळ्याला आणि घराला सारखीच मिळते. राहण्यासाठी व्यक्तीला दिलेल्या घराच्या भाड्यावर जीएसटी नाही. गाळ्याच्या भाड्यावर १८ टक्के आहे. तुमची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने तुम्हाला नोंदणी लागणार नाही, पण भाडेकरू जीएसटीत नियमित पद्धतीने नोंदणीकृत असेल (कंपोझिशन योजनेत नसेल) तर १० ऑक्टोबर २०२४ पासून त्याला तो स्वतः भरावा लागतो. जे तो भरतो, ते तो भाडं ठरवताना मनात धरतो.

पुणे मनपाची मिळकतकरातली ४० टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यांसाठी आहे, भाड्याने दिलं की ती धरू नका. सोसायटीत घर भाड्याने दिलं तर बिनभोगवटा शुल्क लागतं, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. जास्त मागितलं तर द्यायचं नाही.

चंद्रकोर | मंगळवार, सकाळी ९.००

हिशेबनीस, हा कराचा मुद्दा मोठा आहे. माझं 'गाळाच घ्या' काकांच्या बाबतीत मागे घेते.

पावसाळी | मंगळवार, सकाळी ११.४५

मालमत्ता सांभाळायचीच नसेल तर रिटचाही विचार करा, म्हणजे भाड्याने दिलेल्या इमारतींत वाटा देणारी, शेअर बाजारात मिळणारी युनिटं. एम्बसीच्या रिटमध्ये हिंजवडीची ऑफिसं आहेत, माइंडस्पेसमध्ये येरवडा आणि खराडीची. वाटपयोग्य रकमेपैकी निदान ९० टक्के वाटावी लागते असा सेबीचा नियम आहे. युनिटचा भाव मात्र शेअरसारखा वरखाली होतो.

सहकारनगरकर | मंगळवार, रात्री ९.३०

काल रात्री हे सगळं बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने मधेच थांबवून नऱ्हेकरांचं 'भाडेकरू एकच होता, कॉलेज' हे वाक्य दोनदा वाचायला लावलं. पावसाळी, रिटचं समजलं, पण भाव हलला की मला झोप लागणार नाही. आता स्वतः जाऊन बघतो आणि मग लिहितो. मेघनाताई, आजीच्या वहीबद्दल इतकी वर्षं मनात जे होतं, त्याचं उत्तर तुम्ही दिलंत.

सहकारनगरकर | पुढच्या आठवड्यातला शुक्रवार, रात्री ८.००

जाऊन आलो. दोन्हीकडे.

नऱ्ह्याला मुद्दाम बुधवारी रात्री साडेआठला गेलो, एजंटला न सांगता. पोरं चांगली वाटली, एकाने पाणी विचारलं. जिन्यात भिंतीवर कागद चिकटवलाय: 'पाणी सकाळी ६ ते ६.४५'. त्याखाली कुणीतरी पेन्सिलने तारखा लिहून प्रत्येकीपुढे 'आलं नाही' लिहिलंय. एका महिन्यातल्या सात तारखा मोजल्या. दुसऱ्या दिवशी मालकांकडे कागद मागितले. भोगवटा पत्र नाही, सातबाऱ्यावर अकरा नावं. आठही खोल्यांत विद्यार्थी. नऱ्हेकर, तुमच्यामुळे कुठे बघायचं ते कळलं.

कर्वेनगरला शेजारच्या गाळ्यात गेलो. झेरॉक्सचं दुकान, जवळपास तेवढीच जागा. ते देतात ४५ हजार. मग ज्या गाळ्याबद्दल आपण बोलतोय त्याचा करार बघितला. चार महिन्यांपूर्वी नोंदवलाय, लॉक-इन नाही. आधीच्या वर्षाचं काही दाखवता येईना. ४५ हजाराने हिशेब केला तर वर्षाला ५ लाख ४० हजार, म्हणजे चार टक्केही पडत नाहीत. दिनू, तुम्ही सांगितलं नसतं तर मी ६८ वरच राहिलो असतो.

आता वारज्यात दोन वन बीएचके बघितले आहेत, वेगवेगळ्या सोसायट्यांत, दोन्हींना भोगवटा पत्र आहे. ६१ आणि ५८ लाख. खर्च धरून साधारण १ कोटी २८ लाख. भाडं १७ हजार आणि साडेसोळा, म्हणजे भाव बघता साडेतीन टक्केही नाहीत. उरलेल्यातले ३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, सध्या ८.२ टक्के, म्हणजे तिमाहीला साडेएकसष्ट हजार. बाकी बारा लाख मुदत ठेवीत, घर रिकामं राहिलं तर तिथून घ्यायचे. मेंटेनन्स आणि कर वजा करून पन्नासच्या जवळ पोचतो.

एक घर बायकोच्या नावावर घेऊ का? महिलांना मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे म्हणतात.

हिशेबनीस | शुक्रवार, रात्री ९.१५

सवलत आहे, राहत्या घराला. पण नफा तुमच्या नावावर झालाय, सूट तुम्हाला हवीय. दोन्ही खरेदीखतांत पहिलं नाव तुमचंच ठेवा आणि पैसे तुमच्याच खात्यातून जाऊ द्या. एक टक्क्याच्या साठ हजारांसाठी पंधरा लाखांचा वाद ओढवून घेऊ नका.

नऱ्हेकर | शुक्रवार, रात्री ९.४०

काका, बरं केलंत. आमच्या भागातली इमारत नाकारलीत म्हणून वाईट वाटलं नाही. तिथे रोज फेरी मारणारा माणूस हवा, आणि तुम्ही दोघांनी आता तेवढी धावपळ कशाला करायची? वारज्यातल्या दोन घरांत एक कुटुंब आणि एक नोकरदार असं बघा. एकाच कंपनीतले दोघे नकोत.

मेघना_२१ | शनिवार, सकाळी ८.०५

सर्च रिपोर्ट (मिळकतीच्या मालकीचे जुने व्यवहार आणि बोजे तपासल्याचा अहवाल) तीस वर्षांचा काढायला सांगा. सोसायटीचं नाहरकत पत्र आणि आधीच्या मालकाची मेंटेनन्सची थकबाकी नसल्याचं पत्र टोकनच्या आधी घ्या. करारात पाण्याचं आणि विजेचं बिल कोण भरणार ते वेगळ्या ओळीत लिहा. आणि किल्ली देताना वीजमीटरच्या आकड्याचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये असू द्या.

सहकारनगरकर | शनिवार, सकाळी ९.२०

लिहून घेतलं, आजीच्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर. सोमवारी सर्च रिपोर्टसाठी वकिलांकडे जातोय.